हाड नसलेल्या अवयवाचा अस्थिभंग

इ. स. १००० च्या सुमाराची गोष्ट. दक्षिण स्पेनमधील कॉर्डोबा हे शहर त्या काळी अरबी सत्तेखाली होते आणि तेथील ग्रंथालये व वैद्य यांची कीर्ती दूरवर पसरलेली होती. याच परिसरात अबुल कासिम अल-झहरावी नावाचा एक शल्यवैद्य होऊन गेला. लॅटिन जग त्याला अबुलकासिस म्हणून ओळखते. ‘किताब अल-तसरीफ’ हा त्याचा ग्रंथ तीस भागांचा आहे. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा असून त्यात त्याने हत्यारांच्या सुमारे दोनशे आकृत्या काढल्या आहेत. बाराव्या शतकात टोलेडो येथे जेरार्ड ऑफ क्रेमोना याने या भागाचे लॅटिन भाषांतर केले आणि पुढे कित्येक पिढ्या युरोपातील शल्यवैद्य त्यावर शिकले.

या भागात मोडलेली हाडे व निखळलेले सांधे यांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे ओटीपोटाच्या हाडाच्या भंगाबरोबरच पुरुषाचे शिश्न ‘मोडले’ तर काय करावे, याचेही एक छोटेसे टिपण आढळते. बदकाहून मोठा असा जो हंस तिकडे घरोघर पाळतात, त्याच्या गळ्याची नळी घ्यावी, ती अवयवावर चढवावी, वरून कापडाची पट्टी गुंडाळावी आणि साधारण तीन दिवस, किंवा बरे होईपर्यंत, तशीच ठेवावी, असा त्याचा सल्ला आहे.

जीवशास्त्र शिकवणारा कोणीही शिक्षक हे वाचून थबकेल. माणसाच्या सांगाड्यात २०६ हाडे असतात आणि त्यांतील एकही शिश्नात नसते. मग मोडले काय? हाडाच्या भंगासाठी असलेला शब्द एका अनुभवी शल्यवैद्याने येथे का वापरला? आणि हजार वर्षांनंतर आजही वैद्यकाच्या पुस्तकांत या इजेला ‘फ्रॅक्चर’च का म्हटले जाते?

या प्रश्नांचा माग काढताना शरीरक्रियाशास्त्राचा एक मोठा पट उलगडतो. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ही इजा बरी करण्याचा मार्ग माणसाला इतका उशिरा का सापडला, याचे अर्धे उत्तर शरीररचनेच्या अज्ञानात आहे, तर उरलेले अर्धे लाजेत.

हाडाविना ताठरपणा

आपल्या शिश्नात हाड नाही, हे प्राण्यांच्या जगात पाहिले तर थोडे जगावेगळेच आहे. कुत्रा, उंदीर, वटवाघूळ, अस्वल आणि बहुसंख्य माकडे यांच्या शिश्नात एक स्वतंत्र हाड असते. ते सांगाड्याच्या इतर कोणत्याही हाडाला जोडलेले नसते. अ‍ॅरिस्टॉटलला हे ठाऊक होते. कोल्हा, लांडगा आणि मुंगसासारखा दिसणारा वीझल यांच्या अवयवात हाड असल्याची नोंद त्याने प्राण्यांवरील ग्रंथात केली आहे. माणसाप्रमाणेच घोडा, हत्ती, देवमासा यांच्यात मात्र हे हाड नाही.

मग हाडाचे काम कोण करते? गॅलेन व त्याच्या अनुयायांचे उत्तर होते, वायू. नसांतून एक प्रकारचा वारा येतो आणि अवयव फुगतो, अशी समजूत दीड हजार वर्षे तरी टिकली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिओनार्दो दा विंची याने फाशी दिलेल्या माणसांच्या मृतदेहांचे निरीक्षण करून आपल्या टिपणवहीत वेगळेच लिहून ठेवले. अशा देहांतील ताठर अवयवात त्याला वारा नव्हे, रक्त भरलेले आढळले होते. वाऱ्याने अवयव इतका जड आणि इतका लाल होणार नाही, हा त्याचा तर्क साधा पण बिनतोड होता. पण त्या वह्या छापल्याच गेल्या नाहीत आणि त्याचा शोध कागदावरच राहिला.

१६२८ मध्ये विल्यम हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले. रक्त फिरते हे कळल्यावर ते कोठे, किती आणि कसे अडवले जाते हा प्रश्न विचारणे शक्य झाले. डेल्फ्ट गावचा तरुण डच वैद्य रेग्निए द ग्राफ याने तो प्रयोगाने सोडवला. आपल्या पाठ्यपुस्तकांत बीजपुटिकांच्या संदर्भात ज्याचे नाव येते, तोच हा द ग्राफ. मृतदेहाच्या शिश्नाच्या रक्तवाहिन्यांत त्याने पिचकारीने पाणी भरले आणि अवयव ताठर झालेला सर्वांना दाखवला. पुरुषाच्या जननेंद्रियांवरील त्याचे पुस्तक १६६८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचे वय अवघे २७ होते.

पुढची पायरी मज्जातंतूंची. १८६३ मध्ये जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कॉनराड एकहार्ड याने कुत्र्याच्या कटिभागातील विशिष्ट तंतूंना विद्युत्स्पर्श करून ताठरता निर्माण केली. या तंतूंच्या टोकांशी कोणते रसायन सुटते, हे कळायला मात्र विसावे शतक सरत यावे लागले. ते रसायन निघाले नायट्रिक ऑक्साइड हा वायू! रक्तवाहिन्यांना सैल करणाऱ्या या वायूच्या शोधाबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गॅलेनच्या ‘वायू’ला अशी अनपेक्षित पुस्ती जोडली गेली, इतकेच. अवयव भरतो रक्ताने, पण त्या रक्ताला वाट करून देणारा निरोप्या एक वायूच असतो.

पांढरा अंगरखा

आता प्रत्यक्ष रचना पाहू. शिश्नात लांबीच्या दिशेने स्पंजासारख्या ऊतीचे तीन दंडगोल असतात. वरच्या बाजूला दोन मोठे दंडगोल शेजारी शेजारी असतात. त्यांच्या खाली तिसरा, लहान दंडगोल असून त्यातून मूत्रमार्ग जातो. वरच्या दोन दंडगोलांभोवती एक चिवट आवरण असते. त्याला ट्यूनिका अल्बुजिनिया, म्हणजे शब्दशः ‘पांढरा अंगरखा’ म्हणतात. हे आवरण मुख्यतः कोलॅजेन या न ताणणाऱ्या तंतूंचे बनलेले असते आणि त्यात थोडे लवचीक तंतूही असतात.

निरोप मिळताच रोहिण्या रुंदावतात आणि स्पंजाच्या पोकळ्या रक्ताने भरू लागतात. त्या फुगल्या की अंगरख्याच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या बारीक नीला भिंतीवर दाबल्या जातात आणि रक्ताचा परतीचा मार्ग जवळजवळ बंद होतो. सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह हवा आत घेतो पण बाहेर सोडत नाही, तसाच हा प्रकार. आतला दाब पाऱ्याच्या साधारण १०० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे जवळपास दंडावर मोजतो त्या वरच्या रक्तदाबाइतका चढतो. ज्या अवयवाला आकार देणारे हाड नाही त्याला द्रवाचा दाब आणि भोवतालची चिवट भिंत यांनी आधार द्यायचा, ही निसर्गाची जुनीच युक्ती आहे. गांडूळ याच युक्तीवर चालते. जीवशास्त्रज्ञ तिला ‘द्रव-सांगाडा’ म्हणतात.

पण गांडूळ तर हवे तसे वळते. मग शिश्न का वळत नाही? अमेरिकन जीवशास्त्रज्ञ डायन केली यांनी याचे उत्तर १९९७ साली प्रसिद्ध केले. अभ्यासासाठी त्यांनी आर्माडिलो हा खवल्यांचा सस्तन प्राणी निवडला होता. गांडूळ, गोलकृमी अशा प्राण्यांच्या भिंतीत तंतू तिरपे, एकमेकांना छेद देणाऱ्या मळसूत्रासारखे असतात, म्हणून शरीर सहज वाकते. आर्माडिलोच्या शिश्नात मात्र तंतूंचे दोन थर एकमेकांशी काटकोनात होते. एक थर लांबीच्या दिशेने, तर दुसरा बांगडीसारखा गोल. अशी नळी दाबाखाली वाकायला ठाम नकार देते. माणसातील अंगरख्याचे थरही ढोबळमानाने असेच आहेत. आतला थर गोल असतो आणि बाहेरचा लांबीच्या दिशेने असतो.

वर्गात हे दाखवायला एक लांबट फुगा आणि चिकटपट्टी पुरे. फुगवलेला साधा फुगा बोटाने सहज वाकतो. मग त्यावर लांबीच्या दिशेने चार-पाच पट्ट्या आणि आडव्या गोल पट्ट्या चिकटवून पुन्हा वाकवून पाहायला सांगावे. वाकताना बाहेरच्या बाजूला भिंत लांबावी लागते आणि पट्टी ती लांबू देत नाही. फुगा कशाचे प्रतिरूप आहे हे प्रयोगाआधी सांगायचे की नंतर, ते शिक्षकाने आपल्या वर्गाकडे पाहून ठरवावे.

मोडते ते काय

या रचनेचे बळ तेच तिचे वर्म आहे. विश्रांतीच्या स्थितीत अंगरख्याची जाडी सुमारे २ मिलिमीटर असते. ताठर अवस्थेत तो ताणला जाऊन पाव ते अर्धा मिलिमीटर इतका पातळ होतो. दाब असलेल्या नळीच्या भिंतीवरचा ताण काढण्याचे सूत्र अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडी. समजा, भिंत चौथा हिस्सा उरली आणि त्रिज्या दीडपट झाली, तर दाब तेवढाच असतानाही ताण सहापट होतो. शिवाय दाबही वाढलेला असतोच.

एरवी हा अंगरखा भलताच मजबूत आहे. तो फाटण्यासाठी आतला दाब पाऱ्याच्या सुमारे १५०० मिलिमीटरच्या वर जावा लागतो, असे मोजमापांवरून दिसते. हा दाब जवळपास दोन वातावरणांइतका, म्हणजे मोटारीच्या टायरमधील हवेइतका झाला. पण ताठर अवयव एकाएकी वाकला, तर वाकण्याच्या जागी दाब आणि ताण क्षणार्धात या मर्यादेपलीकडे जातात. समागमात अवयव निसटून जोडीदाराच्या जांघेच्या हाडावर आदळतो तेव्हा हेच घडते. अंगरखा आडवा फाटतो, बहुधा एकाच बाजूच्या दंडगोलाचा आणि बहुधा खालच्या कडेला, कारण मूत्रमार्गालगतच्या भागात बाहेरचा थर विरळ असतो. सैल अवस्थेत ही इजा सहसा होत नाही. वाकवणाऱ्या बळाला तेथे विरोधच नसतो, मग मोडणार काय?

फाटताना बहुतेकांना ‘कट्’ असा आवाज ऐकू येतो. लगेच तीव्र वेदना होतात, ताठरता तत्क्षणी ओसरते, सूज येते आणि अवयव काळानिळा होऊन एका बाजूला कलतो. ‘भरीत करायच्या वांग्यासारखा’ हे वर्णन डॉक्टरमंडळींत रूढ आहे. मोडल्याचा आवाज, वेदना, सूज, वाकडेपणा ही तर हाड मोडल्याचीच लक्षणे! अल-झहरावीने हाडाचा शब्द वापरला तो हाड आहे असे समजून नव्हे, तर रुग्णाने सांगितलेले आणि डोळ्यांना दिसलेले हाडाच्या भंगाशी जुळत होते म्हणून. त्याचा उपचारही त्याच तर्काने ठरला. हात मोडला की फळ्या बांधून स्थिर ठेवायचा, तर येथे मऊ, गोल आणि आपोआप बसणारी फळी म्हणून हंसाच्या गळ्याची नळी. कल्पकतेला दाद द्यावी लागते. पण मोडलेले हाड स्थिर ठेवले की सांधते, हे खरे असले तरी फाटलेल्या अंगरख्याला तोच नियम लागू पडेलच असे नाही. ते कळायला आणखी साडेनऊशे वर्षे गेली.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात परिवर्तिका, अवपाटिका व निरुद्धप्रकश हे शिश्नाच्या अग्रत्वचेचे विकार सांगितले आहेत. त्यांपैकी अवपाटिका म्हणजे जोराने झालेला समागम किंवा हाताचा आघात यांमुळे त्वचा फाटणे. ही इजा त्वचेची आहे, आपण बोलतो आहोत ती आतल्या अंगरख्याची. नावे सारखी वाटली तरी या दोहोंची गल्लत करू नये. मात्र समागमातून इजा होऊ शकते आणि ती वैद्याने निःसंकोच नोंदवावी, हे सुश्रुतसंहितेला मान्य होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

थांबा आणि पाहा

कॉर्डोबानंतर या विषयावर शतकानुशतके फारसे काही लिहिले गेले नाही. १७४३ साली फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचा शल्यवैद्य ला पेरोनी याने एका वेगळ्या विकाराचे वर्णन केले. त्यात अंगरख्यात कठीण व्रणासारख्या गाठी होतात आणि ताठर अवयव वाकडा होतो. आज हा विकार त्याच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या विषयाशी त्याचा संबंध असा की अंगरख्यात ताठर चट्टा राहिला तर काय होते, हे त्यातून स्पष्ट झाले. फुग्याच्या एका बाजूला न ताणणारे ठिगळ लावले की फुगा फुगताना ठिगळाकडे वळतो, तसेच.

न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक गर्डन बक यांनी १८४८ च्या सुमारास अंगरख्याबाहेरील आणखी एका आवरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. ते शाबूत असेल तर सांडलेले रक्त अवयवापुरतेच राहते. तेही फाटले तर रक्त वृषणकोश, ओटीपोट व मांड्यांमधील भागापर्यंत पसरते आणि फुलपाखराच्या पंखांसारखा काळानिळा डाग उमटतो. सुजेच्या आकारावरून आत काय फाटले ते ओळखायची किल्ली अशी हाती आली.

पॅरिसमध्ये देमार्के आणि पारमांतिए यांनी १८६१ साली समागमामुळे शिश्नाला होणाऱ्या इजांवर लेख लिहिला. देमार्के यांचा शिश्नाच्या शस्त्रक्रियासाध्य रोगांवरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १८७७ मध्ये निघाला. तरीही बऱ्याच पुस्तकांत आधुनिक काळातील पहिला अहवाल म्हणून १९२४ सालच्या मालिस यांच्या लेखाचे नाव येते. इतिहासात ‘पहिला’ हा शब्द जपून वापरावा, याचे हे आणखी एक उदाहरण.

या काळातील उपचार म्हणजे, थोडक्यात, थांबा आणि पाहा. बर्फाचे शेक, घट्ट पट्टी, मूत्रनलिका, वेदनाशामके, झोपेची औषधे आणि ताठरता येऊ नये म्हणून काही वेळा स्त्री-संप्रेरकेही दिली जात. सूज उतरे, रुग्ण घरी जाई आणि डॉक्टरांच्या लेखी तो बरा झालेला असे. पुढे काही महिन्यांनी त्याला वेदना होत, अवयव वाकडा होई किंवा ताठरताच येईनाशी होई. पण तोच माणूस तेच दुखणे घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरकडे जाईलच याची खात्री काय? पहिल्या वेळी तो मोठ्या मुश्किलीने गेलेला असे. उपचाराचा निकाल डॉक्टरला कळतच नव्हता, मग उपचार चुकतो आहे हे तरी कसे कळावे!

१९५७ साली फेर्नस्ट्रॉम या शल्यचिकित्सकाने लगेच शस्त्रक्रिया करून फाटलेला अंगरखा शिवावा, असा पुरस्कार केला. तर्क सरळ होता. भिंत फाटली आहे, मधल्या फटीत रक्ताची गाठ साचली आहे. ती गाठ तशीच राहिली तर जागी चिवट व्रण-ऊती येईल आणि ते ठिगळ पुढे त्रास देईल. गाठ काढून दोन्ही कडा जुळवून शिवल्या तर भिंत पुन्हा एकसंध होईल. तरीही अनेक ठिकाणी पुढची दोन-तीन दशके दोन्ही पद्धती चालू राहिल्या. प्रत्येकाकडे मूठभर रुग्ण, आणि मूठभर रुग्णांवरून वाद मिटत नसतो.

मोजणीने केलेला निवाडा

वाद मिटवला तो मोजणीने. नायजेरियातील पोर्ट हारकोर्ट येथील शल्यचिकित्सक एके यांनी १९३५ ते २००१ या काळात जगभर छापलेले १८३ लेख चाळून १,३३१ रुग्णांची माहिती एकत्र केली आणि २००२ मध्ये प्रसिद्ध केली. ज्याला प्रत्येक डॉक्टर ‘माझ्या आयुष्यातील एखादाच रुग्ण’ समजत होता, त्या रुग्णांची अशी एक मोठी रांग उभी राहिली. अशा संकलनांतून आणि पुढील अभ्यासांतून चित्र स्वच्छ झाले. नुसती वाट पाहिलेल्यांत वाकडेपणा, वेदना वा ताठरतेचा अभाव राहण्याचे प्रमाण बरेच जास्त, काही अहवालांत निम्म्याच्या आसपास होते. लवकर शिवलेल्यांत ते पुष्कळच कमी होते. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली दिलेली मार्गदर्शक सूत्रेही ही इजा झाल्याचा संशय येताच तातडीने शस्त्रक्रिया करावी, असेच सांगतात.

मोजणीने आणखी एक गोष्ट उघड केली. इराणमधील केरमानशाह या कुर्दबहुल शहरातून झरगूशी यांनी २००० साली १७२ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. एका शहरात एवढे रुग्ण कसे? त्यांतील दोन तृतीयांशाहून अधिक जणांची इजा समागमातील नव्हतीच. आपण बोटे मोडतो ना, तसे ताठर अवयव हाताने वाकवून ‘कट्’ असा आवाज काढण्याची एक सवय तेथील तरुणांत होती. तिला कुर्दी भाषेत ‘तघांदन’ असे नावही होते. त्याने काही बिघडत नाही, उलट ताठरता लवकर ओसरते, अशी समजूत होती. बोट मोडताना सांध्यातील द्रवात बुडबुडा होतो, भिंत फाटत नाही. या दोहोंतील फरक त्या तरुणांना कोणी सांगितलाच नव्हता. म्हणजे एका शहरातील शंभराहून अधिक शस्त्रक्रिया माहितीच्या दोन वाक्यांनी टळण्याजोग्या होत्या. त्यासाठी शस्त्रक्रियागृह नको होते, शाळेचा वर्ग पुरेसा होता.

आज काय करतात

आज या इजेचे निदान बहुधा रुग्णाच्या सांगण्यावरून आणि तपासणीवरूनच होते. शंका असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय करतात. कारण वरची एखादी नीला फुटली तरी अशीच सूज येते आणि तेव्हा शस्त्रक्रियेची निकड नसते. लघवीतून किंवा मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त आले, किंवा लघवीच होईना, तर मूत्रमार्गही फाटला आहे का ते पाहावे लागते. साधारण दहातील एकदोघांना तशी इजा असते.

शस्त्रक्रियेत त्वचा मागे सारून साचलेले रक्त काढतात, फाटलेल्या कडा शोधतात आणि विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. मूत्रमार्ग फाटला असेल तर तोही शिवून काही दिवस नळी ठेवतात. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. त्यानंतर साधारण चार ते सहा आठवडे समागम वर्ज्य. टाक्यांच्या जागी काही काळ कडकपणा जाणवतो. मनातली भीती त्याहून अधिक काळ टिकते. पूर्वीसारखे होईल ना, ही शंका रुग्णाला आणि त्याच्या जोडीदारालाही छळते. डॉक्टरांनी दोघांना एकत्र बसवून समजावले तर ती लवकर जाते. वेळेवर शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांचे कार्य पूर्ववत होते. पहिल्या दिवशी येणे उत्तमच, पण दोन-चार दिवस उलटले म्हणून आता काही होणार नाही असे समजून घरी बसू नये. उशिरा आलेल्यांनाही शस्त्रक्रियेचा उपयोग झाल्याचे अनुभव आहेत.

उरलेला अर्धा भाग

हंसाच्या गळ्याच्या नळीपासून विरघळणाऱ्या टाक्यांपर्यंत शल्यचिकित्सेने आपला अर्धा वाटा पुरा केला आहे. उरलेला अर्धा, म्हणजे रुग्णाने दवाखान्याची पायरी वेळेवर चढणे, हा तिच्या हातात नाही. मध्यरात्री इजा झालेला माणूस सकाळपर्यंत थांबतो, मग संध्याकाळपर्यंत, मग ‘पलंगावरून पडलो’ असे सांगतो. कधी तो दिव्याखाली बसून घरीच हळदीचा लेप लावतो. त्याच्याकडे या अवयवाला चारचौघांत उच्चारता येईल असा शब्दच नसतो. त्याला माहीत असलेले शब्द शिव्यांतले असतात, आणि शिवी देऊन दुखणे सांगता येत नाही.

मराठीत हा शब्दांचा दुष्काळ हटवण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. गणिताचे प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जवळजवळ एकहाती चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी छापलेली उत्तरे अश्लील ठरवून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला भरण्यात आला. तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड भरावा लागला, पण उत्तरे छापणे थांबले नाही. प्रश्न विचारणारा वाचक अज्ञानी असेल, चुकत असेल, पण त्याला उत्तर मिळण्याचा हक्क आहे, अशी त्यांची धारणा होती. ते स्वतः शिक्षक होते, हे आपण विसरू नये.

आपण मात्र पुनरुत्पादनाचा धडा ‘घरी वाचून या’ म्हणून पुढे ढकलतो. या लेखातील सारे काही वर्गात सांगा, असा आग्रह नाही. वयाचे आणि परिस्थितीचे भान शिक्षकाला असतेच. पण तीन गोष्टी तरी प्रत्येक मोठ्या मुलाला शाळा सोडण्यापूर्वी कळायला हव्यात. या अवयवाला शिश्न हे साधे, सभ्य नाव आहे. तो हाडाचा नसला तरी जोराने वाकवला तर मोडतो. आणि तसे झाले, तर ते पाप नव्हे, मर्दानगीची हारही नव्हे. ती गुडघा फुटण्यासारखी एक इजा आहे आणि तिच्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचे असते.

अल-झहरावीने हजार वर्षांपूर्वी खांद्याच्या, बरगडीच्या आणि मांडीच्या भंगांबरोबर एकाच यादीत, एकाच सुरात, या इजेची नोंद केली. त्याचा उपचार आज कोणी करत नाही. त्याचा तो सूर मात्र आपल्याला अजून साधायचा आहे.